खांडस – शिडी घाट – भीमाशंकर – गणेश घाट – खांडस, एका दिवसात (आणि पदरावरच्या आजींची बॅटरी)

घाटवाटकरी:

मंडळी नमस्कार. गेल्या रविवारी आम्ही पाच जण खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढलो आणि गणेश घाटाने उतरून परत खांडसला आलो. ही गोल वाट मी आधी तीनदा केलीय पण दरवेळी वर मुक्काम टाकून, एका दिवसात पहिल्यांदाच. वाट सांगतो, वेळा सांगतो आणि कुठे चुकलो तेही सांगतो, कारण सगळ्यांना घेऊन मी गेलो होतो आणि चूक माझीच आहे.

शनिवारी रात्री शेवटची कर्जत पकडली, स्टेशनवरच दोन-तीन तास आडवे झालो, पहाटे सांगून ठेवलेली जीप आली आणि कशेळेमार्गे खांडस. चालायला सुरुवात ६:४० ला. गावातून रस्त्याने पुढे गेलं की पूल लागतो, तिथे फाटा आहे, उजवीकडे गणेश घाट आणि डावीकडे शिडी घाट. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथे गावातल्या कुणाला तरी विचारूनच पुढे व्हा, कारण सुरुवातीला शेतांमधून ढोरवाटा एवढ्या फुटतात की समोर डोंगर दिसत असूनही माणूस भलतीकडे जातो.

पहिल्या शिडीशी ८:१० ला पोचलो. इथपर्यंत सगळं सावलीत, हा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे त्यामुळे सकाळी उन्हाचा पत्ता नसतो. शिड्या तीन, आणि खरं सांगायचं तर शिडी चढणं हा यातला सोपा भाग. लोखंड सकाळी इतकं गार होतं की बोटं आखडत होती, आणि पाय पडला की सगळी शिडी कातळावर टणटण वाजते, नवीन माणूस त्या आवाजानेच थबकतो. अवघड आहे ते शिडी संपते तिथे. शेवटच्या पायरीवरून कातळावर यायचं असतं, हातात धरायला जी खोबण आहे ती हजारो हात लागून गुळगुळीत झालीय, आणि एक क्षण असा येतो की एक पाय शिडीवर, एक कातळावर आणि सॅक मागे ओढतेय. आमच्यातल्या दोघी पहिल्यांदाच घाटात आलेल्या, त्यांच्या सॅक आधी वर घेतल्या आणि मग त्या आल्या, एकदम व्यवस्थित. मधे एक आडवी (कड्याला लागून आडवं चालणं) मारायची आहे, तिथे उजव्या हाताला दरी आहे, दृष्टिभय (उंचीची भीती) असणाऱ्यांनी इथे एकटं जाऊ नये. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता, त्यांच्यासाठी थांबण्यात चांगला अर्धा तास गेला.

साडेनऊला शिड्या संपल्या, दहाला पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर. शिडीची आणि गणेशची वाट इथेच एकत्र होतात. विहीर आहे, चहाची झोपडी आहे. चहा-पोहे खाल्ले, आणि पुढचा चढ दाट झाडीतून, दम काढणारा पण वाट मळलेली. १२:२० ला वर.

इथपर्यंत सगळं वेळेत होतं. पण रविवार, दर्शनाची रांग ही एवढी. आमच्यातल्या दोघांना दर्शन घ्यायचंच होतं, मी म्हटलं जाऊन या, आम्ही थांबतो. रांगेतून बाहेर यायला अडीच वाजले, मग जेवण, आणि निघालो सव्वातीनला. तेव्हाच मनात आलं होतं की उशीर झालाय, पण उतारच आहे, भरभर जाऊ, असं स्वतःला समजावलं. उतारावर भरभर जाऊ असं ठरवून निघालं की काय होतं ते पुढे वाचा. पदर दहा-पंधरा मिनिटांवर असताना मैत्रिणीचा पाय सुट्या दगडावरून घसरला आणि घोटा मुरगळला. पदरावर पोचायला ५:२० झाले.

सकाळी जिथे चहा घेतला त्याच आजींनी तिला बाजेवर बसवलं, आंबेहळद उगाळून लावली, वरून आमचं क्रेप बँडेज बांधलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राहा रं आज हितंच. भाकर हाय, जागा हाय. सकाळच्याला उतरा." डिसेंबर महिना, सहाला सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधार होतो, हे मला सगळं माहिती होतं. पण सगळ्यांची सोमवारी ऑफिसं, जीपवाला खाली थांबलेला, आणि पदरावर रेंज नाही म्हणून त्याला कळवताही येत नव्हतं. मी उतरायचं ठरवलं. आजी काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, स्वतःची बॅटरी आणि कोपऱ्यातली काठी आणून माझ्या हातात दिली. पाच जणांत हेडटॉर्च एकच होता आणि बाकी मोबाईल, हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं.

पदरगडाच्या पोटातून जाणारी ती लांबलचक आडवी आम्ही त्या बॅटरीच्या उजेडात केली. गणपतीच्या देवळापाशी आठ वाजले, खांडसला ९:१०. पाय मोडलेला नाही, लिगामेंट ताणलंय, तीन आठवडे विश्रांती सांगितलीय.

दोन गोष्टी हव्यात. एक, ज्यांनी ही वाट एका दिवसात केलीय त्यांनी आपापल्या वेळा टाका म्हणजे पुढच्यांना नीट आखता येईल. दुसरी, बॅटरी आणि काठी माझ्याकडेच आहेत, "पुन्यांदा यशील तवा आन" असं आजी म्हणाल्या, पण मला जानेवारीअखेरपर्यंत सुट्टीच नाही आणि तोपर्यंत त्या रात्रीच्या कशाने बाहेर पडणार हे डोक्यातून जात नाहीये. कुणी त्याआधी जाणार असेल तर प्लीज सांगा. मी डोंबिवलीत राहतो.

कारवी:

वाचताना पोटात गोळा आला. मैत्रिणीला लवकर बरं वाटो. अशा वेळी बूट काढायचा की ठेवायचा हा आमच्या ग्रुपमधला कायमचा वाद आहे, इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा ना.

हाडवैद्य_पुणे:

फिजिओथेरपिस्ट आहे, सांगते. पुढे चालून उतरायचंच असेल तर बूट शक्यतो काढू नका, लेस थोडी सैल करून बुटावरूनच आठच्या आकारात बँडेज बांधा. एकदा काढला की सूज येते आणि परत पाय आत जात नाही. पहिले एक-दोन दिवस गार शेक, पाय उंच, गरम पाण्याने शेकायचं नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्सरे काढल्याशिवाय राहू नका. आणि चार पावलं टाकता येत नसतील तर त्या माणसाला अंधारात घाट उतरवायचा प्रश्नच येत नाही, तिथेच थांबायचं.

घाटवाटकरी:

धन्यवाद ताई. ती टेकत टेकत चालत होती, म्हणूनच निघालो. पण आम्ही बूट काढला होता लेप लावायला, आणि नंतर तो अर्धाच गेला, लेस न बांधता उतरली बिचारी.

मुरबाडचा_मुसाफिर:

छान सविस्तर लिहिलंय. एक शंका. उलटं का करत नाही? गणेशने आरामात चढा, तो सोपा आणि लांब, आणि शिडीने पटकन उतरा. वेळ वाचेल, अंधारात ती आडवी करायची वेळच येणार नाही.

घाटवाटकरी:

नाही, हे मी कुणालाच सुचवणार नाही. चढताना खोबण डोळ्यासमोर असते, उतरताना ती पायाखाली असते आणि दिसत नाही. कातळाकडे तोंड करून पायाने शिडीची पहिली पायरी शोधायची, तीही दिवसभर चालून मांड्या थरथरत असताना. शिवाय दुपारी शिडीने चढणारे उशिराचे ग्रुप खालून येत असतातच, एका शिडीवर दोन दिशांची माणसं, आणि तुमच्या पायाने सुटलेला दगड थेट त्यांच्या डोक्यावर. जे अवघड आहे ते सकाळी, ताज्या पायांनी, चढताना.

कर्जतकर:

+१. मी याच भागातला, वय ५८, लहानपणापासून दोन्ही घाटांनी जा-ये आहे. शिडीच्या खाली कधीही घोळक्याने उभं राहायचं नाही, बाजूला कातळाला चिकटून थांबायचं, आधीचा माणूस वर जाऊन "आलो" म्हणेपर्यंत खालच्याने शिडीला हात लावायचा नाही. कितीतरी वेळा बघतो, तीन-तीन माणसं एका शिडीवर आणि खालचा मोबाईल वर धरून शूटिंग करतोय.

दुसरं पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर शिडीच्या नादाला लागू नका. शेवाळ, चिखलाने भरलेले बूट, वरून येणारं पाणी. पाऊस वाढला की बंदीचा आदेशही निघतो, तो निघालाय का ते बघितल्याशिवाय पिशव्या भरून मोकळे होऊ नका. पावसात भीमाशंकर करायचंच तर गणेशने जा, गणेशने या. गोल झालं नाही म्हणून काही बिघडत नाही. तेव्हा झाडीत हात टाकताना बघून टाका, हिरवागार चापडा साप फांदीवर बसलेला असतो, पानात पान दिसतो.

आणि शहरातली मुलं विचारतात म्हणून सांगतो, पदर म्हणजे काय. कोकणातून चढताना डोंगर एकदम उभा नसतो, मधे एक सपाटी लागते, तिथे वाडी असते, पाणी असतं, गुरं चरतात, मग पुन्हा उभा कडा. लुगड्याला काठ असतो, मग पदर, तसा डोंगराचा पदर. पदरगडाचं नाव त्यावरूनच. जुन्या लोकांचा चढाचा हिशोब दोन भागांत असायचा, पायथा ते पदर आणि पदर ते माथा. पदरावर बसायचं, पाणी प्यायचं, आभाळ बघायचं, बरोबरच्याची तब्येत बघायची आणि मग ठरवायचं पुढे जायचं का नाही. तुम्ही उतरताना तिथे बसलात, पण ठरवून आधीच आला होतात.

घाटवाटकरी:

काका, शेवटचं वाक्य मनाला लागलं आणि बरोबर आहे.

शेकरूची_शेपूट:

मला थोडं वेगळं म्हणायचंय. ही वाट एका दिवसात करताच कशाला? पदर ते माथा हे जंगल म्हणजे अभयारण्य आहे, १९८५ पासून, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, शेकरूसाठी राखलेलं. आपला राज्यप्राणी, आणि निम्मे लोक तो न बघता खाली उतरतात कारण डोकं घड्याळात. पुढच्या वेळी त्या शेवटच्या चढावर दहा मिनिटं फक्त गप्प बसा. आधी खडखडखड असा आवाज येतो, एवढ्याशा प्राण्याचा हा आवाज यावर विश्वास बसत नाही, मग एखादी फांदी हलते आणि तपकिरी, लांब शेपटीचं ते धूड एका झाडावरून दुसऱ्यावर उडी टाकतं. घरटीही बघा, उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात ती शेकरूची, एकेकाची अनेक घरटी असतात. पावसाळ्यात याच जंगलात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजळते. मी दोनदा बघितलीय, दिवे बंद करून पाच मिनिटं थांबलं की हळूहळू दिसायला लागते. हे पळत पळत दिसत नाही. वर मुक्काम करा, नागफणीच्या टोकावर जा, खाली पदरगड आणि दूरवर पेठचा किल्ला असं सगळं कोकण पसरलेलं बघा, आणि दुसऱ्या दिवशी उतरा.

लोकल_ते_लिंगाणा:

पटतं, पण सगळ्यांना दोन दिवस मिळत नाहीत हो. मी दुकानात काम करतो, मला आठवड्यातून एकच दिवस, तोही बुधवार. एका दिवसाची वाट म्हणूनच मला ही आवडते. दोनदा केलीय, वेळा देतो: खांडस ५:४५ (हेडटॉर्च लावून), पहिली शिडी ७:१५, पदर ८:४५, माथा ११:१५, निघालो १२ ला, पदर १:३०, गणपती ३:१५, खांडस ४:१५. देवळाच्या बाहेरूनच नमस्कार. बुधवारी रांग नसते, शिडीवर गर्दी नसते, ज्यांना जमेल त्यांनी मधल्या वारी जा. पाणी मात्र चार लिटर माणशी, कारण सकाळी जी सावली मिळाली त्याची दुपारी परतफेड होते. उतरताना ऊन थेट तोंडावर, गणेश घाटाच्या उघड्या भागात डोकं फिरतं. मार्चनंतर तर पदरावरच्या विहिरीच्या भरवशावर राहू नये.

अंबाडीची_भाजी:

मी ट्रेकर वगैरे नाही, पण गणेश घाटाचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. माझी आजी नेरळजवळची, ती महाशिवरात्रीला याच घाटाने भीमाशंकरला चालत जायची, बरोबर बायकांचा घोळका, अनवाणी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. गणपतीपाशी पहिली विश्रांती, नारळ फोडायचा, तिथून पुढे कुणी कुणाला मागे ठेवून जायचं नाही असा नियम होता, सगळ्यात हळू चालणारी बाई सगळ्यात पुढे. मला लहानपणी त्याचं नवल वाटायचं की हळू चालणारी पुढे कशी. आता तुमचं वाचून कळलं, तिच्यामुळे सगळ्यांची चाल बांधली जायची. भीमाशंकराच्या देवळासमोरची मोठी घंटा, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून (१७३९) आणलेली म्हणतात ना ती, तिच्याबद्दलही आजी खूप सांगायची. मी गेले ते एसटीने, पुण्याच्या बाजूने. घाटाने एकदा जायचंय. वय ४६, गुडघे बरे आहेत, जमेल का?

कर्जतकर:

ताई, तुमच्या आजीचा नियम सोन्यासारखा आहे, आमच्याकडेही असंच. नक्की जमेल. गणेशनेच चढा, पाच तास धरा, उजाडता निघा, वर मुक्काम करा आणि येताना हवं तर एसटीने या. शिडी पुढच्या खेपेला.

मुरबाडचा_मुसाफिर:

वरचं सगळं वाचून माझं मत बदललं, शिडीने उतरायचा विचार रद्द. पण मग परतायच्या वेळेचा एक नेमका आकडा ठरवूया का? म्हणजे वाद नको, डोंगरावर उभं राहून चर्चा नको.

घाटवाटकरी:

मी तोच विचार करतोय आठवडाभर. माझं गणित असं. पदर ते खांडस आमच्यासारख्या मिश्र ग्रुपला अडीच तास, कुणाला दुखापत झाली तर त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेचार. डिसेंबरात उजेड सव्वासहापर्यंत. म्हणजे पदर दुपारी अडीचला सोडायला हवा. त्यासाठी माथा एक वाजता. वर पोचायला एक वाजला तर वर बसायला वेळच नाही, पाया पडायचं आणि फिरायचं. आणि सकाळी साडेदहापर्यंत पदरच गाठला नसेल तर माथा सोडून द्यायचा, पदरावर जेवायचं आणि गणेशने उतरायचं. तरीही गोल पूर्ण होतोच! हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं, की शिडी–पदर–गणेश हा सुद्धा पूर्ण गोल आहे.

लोकल_ते_लिंगाणा:

हे बेस्ट. माणशी एक हेडटॉर्च पण लिहा त्यात, मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात गेला. आणि निघताना घरी कुणाला तरी सांगायचं, अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला (आपत्कालीन नंबर) फोन कर. आपल्याकडे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, सगळ्या भागांतले बचाव गट त्याच्याशी जोडलेत, पण त्यांना आधी कुणीतरी कळवायला तर हवं.

बरं, ते राहूच दे. मी येत्या बुधवारी जातोय, मित्र आहे बरोबर. बॅटरी मला द्या. डोंबिवली स्टेशनला मंगळवारी रात्री, मधल्या पुलावर?

घाटवाटकरी:

दादा, खूप मोठं काम केलंत. साडेदहाला पुलावर येतो. काठी लोकलमधून नेता येईल ना? पाच फुटी आहे.

लोकल_ते_लिंगाणा:

शेवटच्या लोकलला कोण विचारतंय. आणा.

कारवी:

आजींसाठी माझ्याकडूनही काही द्यायचंय. पैसे द्यायला बरं वाटत नाही. काय न्यावं?

कर्जतकर:

पैशाचं म्हणाल तर चहा-पोह्याचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका, पदरावर प्रत्येक गोष्ट डोक्यावरून येते. बाकी बॅटरीचे सेल द्या. आणि आपला कचरा आपण खाली आणा, हेच तिला सगळ्यात आवडेल, रविवारचा कचरा सोमवारी तीच वेचते.

लोकल_ते_लिंगाणा:

जाऊन आलो. खांडस ५:५०, पदर ८:५५. आजी विहिरीवर होत्या, बॅटरी लांबूनच ओळखली. सेलचे दोन जोड दिले, घेईनात, मग "मुलीने पाठवलेत" म्हटल्यावर घेतले. पहिला प्रश्न "पोरीचा पाय कसा हाय?" सांगितलं, बरा आहे, काठी न घेता चालते. काठी परत घेतली नाही. म्हणाल्या, तिलाच ऱ्हाऊ दे, घाटाला येताना घिऊन यील.

माथ्यावर न जाता पदरावरूनच गणेशने उतरलो या वेळी, मित्राला ताप वाटत होता. खांडसला साडेबाराला जेवायला.

घाटवाटकरी:

काठी कधी घेऊ दादा? शनिवारी येऊ का स्टेशनला? तिला आत्ताच फोन केला, फेब्रुवारीत गणेशने जायचं म्हणतेय. अंबाडीची_भाजी ताई, तुम्ही येताय का? सगळ्यात पुढे तीच चालणार आहे.